कर्नल अपडेटनंतर लिनक्स बूट होत नसेल तर काय तपासावे



ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरमध्ये बूट प्रक्रियेची आकृती काढून आपण चार-पाच गुण मिळवतो आणि परीक्षा संपली की ती आकृती विसरतो. ती पुन्हा आठवावी लागते ती भलत्याच वेळी. लॅपटॉप अपडेट घेऊन रीस्टार्ट होतो, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी उमटते आणि सगळे तिथेच थांबते. प्रोजेक्टचा अहवाल सकाळी द्यायचा असतो आणि तो नेमका त्याच लॅपटॉपमध्ये असतो. वसतिगृहात अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो: फॉरमॅट मार आणि नवीन टाक. तो सल्ला का ऐकू नये आणि त्याऐवजी काय करावे, हे या पाठात पाहू.

आधी एक दिलासा. कर्नल अपडेट तुमच्या होम डिरेक्टरीला हात लावत नाही. तो बदल करतो मुख्यतः दोन ठिकाणी: /बूट या डिरेक्टरीत आणि /लिब/मॉड्यूल्स या डिरेक्टरीत. शिवाय कर्नलचे पॅकेज इतर पॅकेजांसारखे नसते. ब्राउझरची नवी आवृत्ती आली की जुनी जाते. कर्नलच्या पॅकेजच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असल्यामुळे नवा कर्नल जुन्याच्या शेजारी बसतो, जुना तसाच राहतो. म्हणजे कालपर्यंत व्यवस्थित चालणारा कर्नल बहुतेक वेळा आजही तुमच्या डिस्कवर असतो. तो कुठे आहे आणि कसा निवडायचा, एवढेच माहीत हवे.

उदाहरणे मी उबुंटूची घेतली आहेत. डेबियन, लिनक्स मिंट, सी-डॅकचे बॉस किंवा केरळच्या शाळांमधले काइट ग्नू-लिनक्स वापरत असाल तरी जवळपास सगळे तसेच लागू पडेल, कारण ही सगळी एकाच घराण्यातली आहेत. फेडोरात जिथे फरक आहे तिथे सांगेन. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या आणि त्यांतले आकडे रोमन लिपीतच टाइप करायचे. एपीटी, डीपीकेजी, डीएफ अशी नावे अक्षरशः एकेक अक्षर वाचायची आहेत.

बूटचे चार टप्पे

संगणक सुरू केला की पहिल्यांदा मदरबोर्डवरचे फर्मवेअर जागे होते, जुन्या संगणकांत बायॉस आणि नव्यांत यूईएफआय. ते बूटलोडरला शोधते. आपल्याकडे तो ग्रब असतो. ग्रब डिस्कवरून दोन फाइली मेमरीत आणतो: कर्नल आणि इनिटरॅमएफएस. कर्नल स्वतः उभा राहतो, खरी रूट फाइल सिस्टिम माउंट होते आणि शेवटी सिस्टिमडी सगळ्या सेवा सुरू करून तुम्हाला लॉगिनपर्यंत आणतो.

यातला इनिटरॅमएफएस हा भाग विद्यार्थी गाळतात आणि बिघाड बहुधा तिथेच असतो, म्हणून जरा थांबू. कर्नलला डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर मॉड्यूलच्या रूपात डिस्कवरच ठेवलेला असतो. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावावे तसा हा प्रकार. त्यातून सुटण्यासाठी डिस्क उघडायला लागणारी मॉड्यूल्स आणि थोडी अवजारे यांची एक छोटी फाइल सिस्टिम बांधून ग्रबच्या हाती दिली जाते. ती मेमरीतच उघडते, खऱ्या डिस्कला शोधते आणि कारभार तिच्या हवाली करून बाजूला होते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासवर्ड विचारणारा भागही यातच असतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. /बूटमध्ये गेलात तर व्हीएमलिनक्झ नावाची फाइल दिसेल. शेवटचे अक्षर एक्स नसून झेड आहे, कारण तो दाबून लहान केलेला कर्नल आहे. ही फाइल उबुंटूच्या सर्व्हरवरून तयार होऊन येते आणि हजारो संगणकांवर तीच असते. पण तिच्यासोबतची इनिटआरडी.इमेज ही फाइल, म्हणजेच इनिटरॅमएफएस, डाउनलोड होत नाही. ती अपडेटच्या वेळी तुमच्याच संगणकावर बांधली जाते. ग्राफिक्स कार्डासारख्या बाहेरच्या ड्रायव्हरची मॉड्यूल्सही बरेचदा तुमच्याच संगणकावर कंपाइल होतात. ग्रबचा मेनू लिहिणारी फाइलही तिथल्या तिथेच तयार होते. अपडेटनंतर बूट अडले की संशय आधी या तीन घरगुती कामांवर घ्या. कर्नलच सदोष असणे तुलनेने दुर्मीळ, तरी तेही घडते. त्याकडे शेवटी येऊ.

नेमके कुठे अडले?

दुरुस्तीआधी पडदा वाचायला शिका आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. फोटो कशासाठी, ते पुढे कळेल.

कंपनीच्या चिन्हानंतर ग्रब येतच नसेल आणि थेट विंडोज सुरू होत असेल, किंवा बूट करण्याजोगे उपकरण सापडत नाही असा संदेश येत असेल, तर कर्नलपर्यंत गाडी पोहोचलेलीच नाही. ग्रबनंतर "कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टु माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)" असे दिसले तर कर्नल उठला, पण त्याला रूट सापडली नाही. त्या कंसातल्या दोन शून्यांचा अर्थ असा की त्याला रूटसाठी कोणते उपकरण वापरायचे हेच कळलेले नाही. इथे नव्वद टक्के वगैरे आकडे मी देणार नाही, पण उबुंटूवर हा संदेश दिसला की इनिटरॅमएफएस गायब आहे किंवा अर्धवट आहे असे समजूनच मी कामाला लागतो. कंसात "इनिटरॅमएफएस" लिहिलेला एक साधा प्रॉम्प्ट दिसला तर ती छोटी फाइल सिस्टिम आली, पण तिला खरी डिस्क उघडता आली नाही. "यू आर इन इमर्जन्सी मोड" दिसले तर रूट मिळाली, सिस्टिमडीही सुरू झाला आणि पुढचे काहीतरी अडले. आणि निव्वळ काळा पडदा असेल तर कदाचित सगळेच सुरू झाले आहे, फक्त चित्र दिसत नाही.

काळ्या पडद्याची शहानिशा करायची सोपी युक्ती: कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागतो आणि विझतो, म्हणजे कर्नल जिवंत आहे. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर पॅनिक झाला आहे. लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डवर ही खूण बहुधा दिसते. कर्नल जिवंत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरी लॉगिन आले की निम्मी लढाई जिंकलात, कारण आता हातात टर्मिनल आहे.

पहिला उपाय: जुना कर्नल

संगणकावर एकटे उबुंटू असेल तर ग्रबचा मेनू लपलेला असतो. यूईएफआय असलेल्या संगणकावर कंपनीचे चिन्ह जाताच एस्केप एकदा दाबा. जुन्या बायॉसवर शिफ्ट दाबून धरा. घाईत एस्केप पाच-सहा वेळा दाबलेत तर मेनूऐवजी ग्रबचा प्रॉम्प्ट येईल. घाबरू नका, कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून पुन्हा प्रयत्न करा. मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू" या ओळीत शिरलात की सगळे कर्नल आवृत्तीनुसार दिसतील. वरून पहिला नवा. त्याच्या खालचा, ज्याच्यापुढे रिकव्हरी मोड लिहिलेले नाही तो जुना निवडा.

बहुतेकांचा संगणक इथेच सुरू होतो. फेडोरात तर नेहमीच्या मांडणीप्रमाणे तीन कर्नल ठेवले जातात आणि मेनूत ते सरळ समोर दिसतात. सुरू झाला की आधी अहवाल पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर पाठवा आणि मगच पुढचे वाचा.

हे नुसते तात्पुरते ठिगळ नाही, निदानही आहे. जुना कर्नल चालला म्हणजे डिस्क, फर्मवेअर, ग्रब आणि तुमच्या सेवा ठीक आहेत; दोष नव्या कर्नलच्या त्या तीन घरगुती कामांत किंवा त्या कर्नलमध्येच आहे. जुनाही चालला नाही, तर अपडेटला दोष देण्याआधी डिस्क आणि फर्मवेअर तपासा.

पुरावा कुठे असतो

"सर, मी काहीच केले नाही" हे वाक्य प्रयोगशाळेत आठवड्यातून एकदा तरी ऐकू येते आणि बऱ्याचदा ते खरेही असते. उबुंटू सुरक्षेचे अपडेट, कर्नलसकट, न विचारता पार्श्वभूमीत बसवते. नवा कर्नल वापरात येतो तो पुढच्या रीस्टार्टला, जो कदाचित दहा दिवसांनी होतो. काय आणि कधी बसले याची नोंद /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग या फाइलीत तारीखवार असते. ती आधी वाचा.

मागच्या बूटचा लॉग पाहायला बहुतेकजण ही आज्ञा देतात:

जर्नलसीटीएल -बी -१

यात एक खाच आहे. रूट माउंट होण्याआधीच कर्नल कोसळला असेल तर लॉग लिहायला डिस्कच उपलब्ध नसते. मग या आज्ञेने दिसतो तो त्याच्याही आधीचा, यशस्वी झालेला बूट, आणि विद्यार्थी त्यात चुका शोधत बसतात. लॉगच्या पहिल्या ओळींत कर्नलची आवृत्ती असते. ती नव्या कर्नलची आहे ना, हे पाहूनच पुढे वाचा. नसेल तर तुमचा पुरावा फक्त मोबाइलमधला तो फोटो.

पडद्यावर काहीच उमटत नसेल तर ग्रबच्या मेनूत नव्या कर्नलवर जाऊन ई हे अक्षर दाबा. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्यातले "क्वाएट" आणि "स्प्लॅश" हे दोन शब्द काढा आणि कंट्रोल-एक्स दाबा. आता चिन्हाऐवजी संदेशांची धार दिसेल आणि शेवटची ओळ कामाची असेल. हा बदल एका बूटपुरताच टिकतो, म्हणून निर्धास्तपणे करा.

/बूट भरले असेल तर

डिस्क एन्क्रिप्ट करून किंवा स्वतः पार्टिशन आखून उबुंटू बसवले असेल तर /बूट हे वेगळे आणि लहान पार्टिशन असू शकते. प्रत्येक कर्नलसोबतची इनिटआरडी.इमेज सहज शंभर एमबीच्या आसपास जाते. तीन-चार कर्नल साठले की जागा संपते. अपडेट चालू असताना जागा संपली की नवी व्हीएमलिनक्झ बसते, पण इनिटरॅमएफएस बांधताना "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" म्हणून काम अर्धवट सुटते. पार्श्वभूमीत चाललेल्या अपडेटचा हा संदेश पाहायला कोणीच नसते. पुढच्या रीस्टार्टला तो (०,०) वाला पॅनिक.

अपडेट चालू असताना वीज गेली तरी हाच परिणाम होतो. डेस्कटॉप असलेल्या आणि यूपीएस नसलेल्या प्रयोगशाळांना हे नवीन नाही. तिथे जागा भरपूर असते, पण पॅकेज अर्धेच बसलेले असते.

जुन्या कर्नलने सुरू करून या दोन आज्ञा द्या:

डीएफ -एच /बूट
एलएस -एलएच /बूट

पहिलीत वापर शंभर टक्के दिसला की कारण सापडले. दुसरीत प्रत्येक व्हीएमलिनक्झसाठी त्याच आवृत्तीची इनिटआरडी.इमेज आहे का, आणि तिचा आकार शेजारच्या फाइलींच्या मानाने फारच लहान तर नाही ना, हे पाहा. जोडी जुळत नसेल तोच कर्नल आजारी.

जागा करायची म्हणून /बूटमधल्या फाइली थेट आरएम या आज्ञेने पुसू नका. पॅकेज व्यवस्थापकाला त्याचा पत्ता लागत नाही, तो ती फाइल आहे असेच धरून चालतो आणि पुढच्या अपडेटला गोंधळ वाढतो. आधी सध्या कोणता कर्नल चालू आहे ते पाहा, तो कोणत्याही परिस्थितीत काढायचा नाही:

यूनेम -आर

मग नको असलेले कर्नल रीतसर काढा:

सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज

पुष्कळदा एपीटी इथे अडून बसते, कारण अर्धवट बसलेले पॅकेज आधी पूर्ण करा असे ते म्हणते, आणि ते पूर्ण करायला जागा नसते. हा पेच सोडवायला एका जुन्या, न वापरलेल्या कर्नलचे नाव घेऊन डीपीकेजीला थेट सांगावे लागते. समजा तो कर्नल ६.८.०-४० आहे:

सुडो डीपीकेजी --पर्ज लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-६.८.०-४०-जेनेरिक लिनक्स-इमेज-६.८.०-४०-जेनेरिक

दोन्ही नावे एकत्र द्यायची, कारण पहिले पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून आहे. जागा झाली की अर्धवट काम पूर्ण करा. खालच्या ओळींत नवा कर्नल ६.८.०-४५ आहे असे धरले आहे:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ६.८.०-४५-जेनेरिक
सुडो अपडेट-ग्रब

मधली आज्ञा इनिटरॅमएफएस नव्याने बांधते. पहिल्या आज्ञेने ती आधीच बांधली असेल तर सी ऐवजी यू वापरा, म्हणजे आहे ती पुन्हा बांधली जाईल. ग्रबचा मेनू पुन्हा लिहिणे टाळू नका: मेनू तयार झाला तेव्हा इनिटआरडी नव्हती म्हणून त्या नोंदीत तिचा उल्लेखच नसतो, आणि मग फाइल असूनही ग्रब ती कर्नलला देत नाही. फेडोरात इनिटरॅमएफएस बांधण्याचे काम ड्रॅकट करतो:

सुडो ड्रॅकट --फोर्स --केव्हर

आणि त्यापुढे कर्नलची पूर्ण आवृत्ती.

काळा पडदा आणि बाहेरचे ड्रायव्हर

मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर हा बिघाड जास्त आढळतो, कारण त्यांनी एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवलेला असतो. व्हर्च्युअलबॉक्स आणि ब्रॉडकॉमचे काही वाय-फाय ड्रायव्हरही याच जातीचे, पण त्यांच्यामुळे बूट अडत नाही, फक्त ती ती सोय बंद पडते. ग्राफिक्सचे मात्र डोळ्यांवर येते.

लिनक्समध्ये मॉड्यूल ज्या कर्नलसाठी कंपाइल केले त्याच कर्नलला चालते. प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते पुन्हा कंपाइल करण्याचे काम डीकेएमएस नावाची यंत्रणा करते. त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फाइली आणि योग्य कंपायलर हवा. यातले एक जरी नसले तरी मॉड्यूल बनत नाही. तुम्ही ड्रायव्हर संकेतस्थळावरून .रन फाइल उतरवून बसवला असेल आणि त्या वेळी डीकेएमएसचा पर्याय निवडला नसेल, तर पुढच्या कर्नलला तो चालणारच नाही. शिवाय त्या पद्धतीत नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर बंद करून ठेवला जातो, म्हणजे पर्यायी चित्रही येत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की ड्रायव्हर उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्या. तिथे बऱ्याच कर्नलांसाठी तयार, स्वाक्षरी केलेली मॉड्यूल्स मिळतात.

सगळे नियम पाळूनही हे घडू शकते. उबुंटू २२.०४ वर २०२४ च्या सुरुवातीला ६.५ मालिकेचा कर्नल आला. तो जीसीसी १२ ने बनवलेला होता आणि २२.०४ चा नेहमीचा कंपायलर जीसीसी ११ आहे. कर्नलने मागितलेला एक पर्याय जुन्या कंपायलरला ओळखता येईना आणि ज्यांच्याकडे जीसीसी १२ नव्हता त्यांची मॉड्यूल्स बनेनात. उपाय होता एका ओळीचा, जीसीसी-१२ बसवण्याचा. पण तो सापडायला लॉग उघडावा लागत होता.

तेव्हा जुन्या कर्नलने किंवा कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने आत शिरा आणि विचारा:

डीकेएमएस स्टेटस

जुन्या कर्नलपुढे "इन्स्टॉल्ड" आणि नव्याचा पत्ताच नाही, असे दिसले तर निदान झाले. कारण कळण्यासाठी /व्हार/लिब/डीकेएमएस या डिरेक्टरीत त्या मॉड्यूलच्या नावाखाली मेक.लॉग ही फाइल शोधा आणि तिच्यातली पहिली "एरर" वाचा. शेवटची नव्हे, पहिली. बाकीच्या तिच्यातूनच उपजलेल्या असतात. हेडर नसतील तर बसवा आणि मॉड्यूल पुन्हा बनवा:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-६.८.०-४५-जेनेरिक
सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के ६.८.०-४५-जेनेरिक

जुना कर्नलही हाताशी नसेल तर ग्रबच्या त्याच लांब ओळीच्या शेवटी "नोमोडसेट" हा शब्द जोडून सुरू करा. चित्र ओबडधोबड येईल, पण काम करता येईल.

मॉड्यूल बनले, तरी "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" म्हणून नाकारले गेले, तर गाठ सिक्युअर बूटशी आहे. यात कर्नल आपल्या ओळखीची स्वाक्षरी असलेलीच मॉड्यूल्स घेतो. ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठेवायला सांगते आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो, ज्यात "एनरोल एमओके" निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा थोडाच वेळ थांबतो. लोक त्याला विंडोजचा निळा पडदा समजून घाबरतात आणि पुढे जातात. किल्ली नोंदवायची राहून जाते. ती नंतर मागण्यासाठी एमओकेयूटिल नावाचे साधन आहे:

सुडो एमओकेयूटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/एमओके/एमओके.डेर

नंतर रीस्टार्ट करून निळ्या पडद्याची वाट पाहा, आणि या वेळी त्याला उत्तर द्या.

याच संदर्भात एक सावधगिरी. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन्ही सिस्टिम असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स बूट होईना. "व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड" असा संदेश येत होता. कर्नल बिचारा निर्दोष होता, जुना बूटलोडर फर्मवेअरच्या नव्या यादीत बाद ठरला होता. तेव्हा विंडोजकडे काय अपडेट झाले, हेही एकदा पाहावे.

डिस्क सापडत नाही असे म्हटले तर

इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर अडकलात तर एक्झिट टाइप करून एंटर दाबा. कारण पुन्हा छापले जाते. "रन एफएससीके मॅन्युअली" असे असेल तर त्याच संदेशात पार्टिशनचे नावही असते. ते घेऊन एफएससीके चालवा, उदाहरणार्थ:

एफएससीके /डेव्ह/एसडीए२

पण तत्पूर्वी पडद्यावर "आय-ओ एरर" अशा ओळी दिसत आहेत का ते पाहा. दिसत असतील तर डिस्कच मरणपंथाला लागली आहे. तिच्यावर दुरुस्ती चालवू नका. लाइव्ह पेनड्राइव्हने सुरू करून आधी फाइली बाहेर काढा. मरायला टेकलेल्या डिस्कवर एफएससीके चालवून उरलेसुरलेही घालवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

"यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट" असा संदेश असेल तर बीएलकेआयडी ही आज्ञा द्या. डिस्क यादीत दिसली आणि क्रमांक वेगळा असला तर ग्रब जुना पत्ता शोधतो आहे. यादी पूर्ण रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये नाही. जुना कर्नल तीच डिस्क वाचू शकतो का, यावरून सोक्षमोक्ष लागतो: वाचत असेल तर नव्याची इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा, तोही वाचत नसेल तर बायॉसमध्ये जाऊन डिस्क दिसते का आणि तिथला रेड किंवा व्हीएमडीचा पर्याय कोणी बदलला आहे का ते पाहा.

इमर्जन्सी मोडचे कारण बहुधा /ईटीसी/एफएसटॅब या फाइलीत असते. दुसऱ्या डिस्कचा पत्ता तिथे एसडीबी१ असा लिहिलेला असतो आणि नव्या कर्नलला डिस्क वेगळ्या क्रमाने सापडतात, मग एसडीए आणि एसडीबी यांची अदलाबदल होते. पत्ता नेहमी यूयूआयडीने लिहा आणि जी डिस्क नसली तरी चालेल तिच्यापुढे "नोफेल" जोडा.

कोणताच कर्नल चालत नसेल तर: लाइव्ह पेनड्राइव्ह

मित्राच्या संगणकावर उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून "ट्राय उबुंटू" निवडून सुरू करा आणि आधी फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा. त्यानंतर सीएचरूट. याचा अर्थ असा की चालू कर्नल पेनड्राइव्हचा, पण आज्ञा चालतात तुमच्या डिस्कवरच्या सिस्टिममध्ये.

एलएसबीएलके -एफ

या आज्ञेने पार्टिशन ओळखा. समजा रूट दुसऱ्या आणि यूईएफआयचे पार्टिशन पहिल्या क्रमांकावर आहे:

सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह

तिसरी ओळ प्रॉक, सिस आणि रन या तीन डिरेक्टरींसाठीही तशीच द्या. /बूट वेगळे असेल तर ते ईएफआयच्या आधी माउंट करा. हा क्रम चुकला आणि /बूट माउंट करायचेच राहिले, तर नवी इनिटरॅमएफएस भलत्याच ठिकाणी लिहिली जाते, सगळ्या आज्ञा यशस्वी होतात आणि संगणक मात्र आधीसारखाच अडतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी ती क्रिप्टसेटअपने उघडा आणि नाव तेच द्या जे तिच्यातल्या /ईटीसी/क्रिप्टटॅब फाइलीत आहे. नाव वेगळे पडले तर बांधलेली इनिटरॅमएफएस पासवर्डच विचारणार नाही.

सुडो सीएचरूट /एमएनटी

आता वर सांगितलेलीच कामे करा: अर्धवट पॅकेज पूर्ण करणे, इनिटरॅमएफएस बांधणे, ग्रबचा मेनू लिहिणे. एक लक्षात ठेवा, सीएचरूटमध्ये यूनेम पेनड्राइव्हच्या कर्नलचा क्रमांक सांगते. म्हणून डीकेएमएसला आवृत्ती स्पष्ट द्या, नाहीतर ते पेनड्राइव्हच्या कर्नलसाठी मॉड्यूल बनवू पाहील. सगळ्या कर्नलांची इनिटरॅमएफएस एकदम बांधायची तर -यू -के ऑल हे पर्याय आहेत.

कर्नलच सदोष असेल तेव्हा

हे घडते. २०२२ मध्ये ५.१९.१२ या आवृत्तीने काही इंटेल लॅपटॉपचे पडदे लुकलुकू लागले आणि पॅनेलला इजा होण्याची शक्यता असल्याने ती वापरू नये असे सांगावे लागले. काही दिवसांत ५.१९.१३ आली. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ सोबतच्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवरची माहिती खराब करू शकणारा दोष सापडला, ती आवृत्ती थांबवून लगेच १२.४ काढण्यात आली. अशा वेळी तुमच्या हाताने दुरुस्त करण्यासारखे काही नसते. जुन्यावर थांबायचे.

उबुंटूत थांबण्यासाठी:

सुडो एपीटी-मार्क होल्ड लिनक्स-जेनेरिक लिनक्स-इमेज-जेनेरिक लिनक्स-हेडर्स-जेनेरिक

तुमच्याकडे एचडब्ल्यूई नावाचा नवा कर्नल असेल तर पॅकेजांच्या नावात ते अक्षरगट आणि उबुंटूची आवृत्ती येते. दर वेळी मेनूत जाऊन जुना निवडायचा कंटाळा येईल, म्हणून /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड आणि ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू अशा दोन ओळी ठेवा; शेवटचा निवडलेला कर्नल आपोआप लागेल. तिथेच ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू आणि ग्रब_टाइमआउट=५ करून टाका, म्हणजे मेनू पाच सेकंद दिसत राहील आणि एस्केपशी कसरत करावी लागणार नाही. त्यानंतर अपडेट-ग्रब.

होल्ड लावल्याची चिठ्ठी मात्र लॅपटॉपवर चिकटवा. कर्नलचे अपडेट बहुतांशी सुरक्षेचे असतात आणि आमच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे होल्डवर राहिलेला एक संगणक निघाला होता. दोन-तीन आठवड्यांनी पुढचा कर्नल आला की "अनहोल्ड" करून तो बसवा, रीस्टार्ट करा, आणि हे काम सबमिशनच्या आदल्या रात्री नव्हे तर शनिवारी दुपारी करा.